स्वतः कर्नल कंपाइल करताना नुसते ‘एंटर’ दाबत जाणे कितपत सुरक्षित आहे?

तिसरा_मजला

नमस्कार. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल माझ्याकडे आहे. एकूण तीस यंत्रे आहेत आणि सर्वांवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. यंदा त्यांपैकी आठ यंत्रांचे मदरबोर्ड बदलले गेले आणि नव्या बोर्डावरची नेटवर्क चिप डेबियन १२ सोबत येणाऱ्या ६.१ या कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) ओळखताच येईना. म्हणून मी ६.१२ या दीर्घकालीन शाखेचा सोर्स कोड उतरवून घेतला आणि आयुष्यात प्रथमच कर्नल कंपाइल केला.

पहिल्या प्रयत्नात ‘मेक डेफकॉन्फिग’ ही आज्ञा दिली. कर्नल लिहिणाऱ्यांनीच ठरवून दिलेली ती निवड, तेव्हा तिच्याइतके निर्धोक दुसरे काय असणार, असा माझा भाबडा समज होता. कंपाइल विनातक्रार झाले, इन्स्टॉलही झाले. रीबूट केल्यावर मात्र बराच वेळ काळा पडदा, मग रूट फाइल सिस्टिमच्या डिस्कची वाट पाहणे सोडून दिल्याचा संदेश, आणि त्याखाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ (डिस्क उघडण्याआधी कर्नल वापरतो ती तात्पुरती छोटी फाइल सिस्टिम) असे लिहिलेला प्रॉम्प्ट. ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत जुना कर्नल शिल्लक होता म्हणून यंत्र पुन्हा उभे राहिले.

दुसऱ्या खेपेस ६.१ ची कॉन्फिग फाइल (जिच्यात कर्नलच्या पर्यायांची निवड नोंदलेली असते) बूट डिरेक्टरीतून आणली आणि ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवले. ही आज्ञा जुन्या फाइलमध्ये नसलेल्या प्रत्येक पर्यायाविषयी एकेक प्रश्न विचारत जाते. सुरुवातीचे साठ-सत्तर प्रश्न मी प्रश्नचिन्ह दाबून, मदतीचा मजकूर वाचून सोडवले. त्यानंतर धीर सुटला आणि मी एंटर दाबत सुटले. कंसात जे अक्षर मोठ्या लिपीत छापलेले असते ते डीफॉल्ट, आणि एंटर दाबले की तेच स्वीकारले जाते, एवढे मला ठाऊक आहे. हा कर्नल व्यवस्थित सुरूही झाला.

माझी शंका अशी की डीफॉल्ट स्वीकारणे आणि सुरक्षित पर्याय स्वीकारणे ही एकच गोष्ट आहे का? अनेक पर्यायांच्या मदतीत ‘शंका असल्यास एन (नाही) म्हणा’ असे लिहिलेले असते, तर काहींच्या मदतीत ‘शंका असल्यास वाय (हो) म्हणा’ असे असते. हा सल्ला नेमका कोणाच्या सोयीसाठी दिलेला आहे? या यंत्रांवर दिवसभरात दीडशे विद्यार्थी बसतात आणि त्यांतले काही फार उत्साही असतात, म्हणून ‘यंत्र सुरू झाले ना’ एवढ्यावर मला समाधान मानता येत नाही.

जुनी_डिस्क

आधी तुमच्या डेफकॉन्फिगचे काय झाले ते पाहू, कारण उरलेल्या उत्तराची किल्ली त्यातच आहे. त्या इनिटरॅमएफएस प्रॉम्प्टवर ‘कॅट’ आज्ञेने प्रॉक डिरेक्टरीतील ‘पार्टिशन्स’ ही फाइल उघडली असती तर ती बहुधा रिकामी दिसली असती, म्हणजे कर्नलला तुमची डिस्क मुळात दिसलीच नव्हती. बोर्ड नवा आहे, तेव्हा डिस्क एनव्हीएमई या नव्या जोडणीची असावी. ६.१२ च्या एक्स८६-६४ डेफकॉन्फिगमध्ये साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कसाठी लागणारा एएचसीआय ड्रायव्हर आहे, एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम आहे, पण एनव्हीएमईचा ड्रायव्हर निवडलेला नाही. डेबियनच्या कर्नलमध्ये तो मॉड्यूल (गरजेनुसार कर्नलला जोडता येणारा वेगळा भाग) म्हणून असतो आणि इनिटरॅमएफएस त्याला सोबत घेऊन जाते. तुमच्या बिल्डमध्ये ते मॉड्यूल तयारच झाले नाही, तर इनिटरॅमएफएस नेणार काय? डेफकॉन्फिग हे कर्नलवर काम करणाऱ्यांना लवकर कंपाइल होणारा, सर्वसाधारण यंत्रावर चाचणीपुरता चालणारा पाया म्हणून ठेवलेले असते. ते तुमच्या यंत्रासाठी केलेले शिफारसपत्र नव्हे.

आता डीफॉल्टविषयी. केकॉन्फिगच्या (कर्नलचे पर्याय मांडणाऱ्या व्यवस्थेच्या) दस्तऐवजात धोरण स्पष्ट लिहिलेले आहे: नव्या पर्यायाचे डीफॉल्ट ‘एन’ असावे, अपवाद मोजकेच करावेत, आणि एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना ओल्डकॉन्फिग चालवणाऱ्याच्या कर्नलमध्ये शक्य तितकी कमी भर पडावी. म्हणजे डीफॉल्ट ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने दोन गोष्टी असतात: कर्नल फुगू नये, आणि काल चालत असलेला कोणाचाही प्रोग्रॅम आज बंद पडू नये. हल्लेखोराचा विचार या दोन्हींच्या नंतर येतो. तो येतच नाही असे नाही, पण त्याला पहिला मान नसतो.

तुम्ही ६.१ वरून ६.१२ वर आलात, म्हणून त्याच टप्प्यातली दोन उदाहरणे देतो. तुम्हाला हे दोन्ही प्रश्न विचारले गेले असणार, कदाचित एंटर दाबण्याच्या भरात डोळ्यांखालून निसटले असतील.

पहिला पर्याय ‘लेगसी टीआयओसीएसटीआय’, जो ६.२ मध्ये आला. ही एक जुनी आयओसीटीएल (उपकरणाबाबत प्रोग्रॅम कर्नलला करतो ती विनंती) आहे. तिच्या साहाय्याने एखादा प्रोग्रॅम टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरे अशी ढकलू शकतो, की जणू ती वापरकर्त्यानेच टंकली आहेत. समजा, रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून उघडलेल्या टर्मिनलवरून तुम्ही ‘सू’ (खाते बदलण्याची आज्ञा) करून एखाद्या साध्या खात्यात गेलात आणि तिथे कोणी खोडसाळ प्रोग्रॅम ठेवलेला आहे. तो प्रोग्रॅम त्याच टर्मिनलमध्ये आज्ञा ढकलून ठेवतो आणि तुम्ही बाहेर पडताच रूटचे शेल त्या आज्ञा इमानेइतबारे चालवते. या पर्यायाची मदत सरळ सांगते की ही सोय आता हल्ल्यांखेरीज फारशी कशाला उपयोगी पडत नाही, आणि आपल्या प्रणालीला तिची गरज असल्याची खात्री केली असेल तरच ‘वाय’ म्हणावे. तरीही डीफॉल्ट ‘वाय’ आहे! कारण उघड आहे: कोणाचा तरी जुना प्रोग्रॅम बंद पडेल ही भीती. वापरकर्त्यांचे चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम कर्नलच्या जगात किती कडकपणे पाळला जातो, हे अशा ठिकाणी कळते.

दुसरा पर्याय याच्या बरोबर उलट आहे. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन ही प्रोसेसरमधील त्रुटी उघडकीस आल्यावर ४.१५ मध्ये ‘पेज टेबल आयसोलेशन’ हा पर्याय आला. ६.९ मध्ये अशा सर्व संरक्षक पर्यायांची नावे एका साच्यात आणताना त्याच्या नावापुढे ‘मिटिगेशन’ हा शब्द जोडला गेला, आणि ‘रेटपोलिन’ या दुसऱ्या संरक्षणाचेही तसेच झाले. जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये जुने नाव असते. ओल्डकॉन्फिगला ते नाव आता ओळखता येत नाही, म्हणून ते चुपचाप गळून पडते आणि नव्या नावाविषयी कोरा प्रश्न विचारला जातो. त्याचे डीफॉल्ट ‘वाय’ आहे, तेव्हा इथे एंटर दाबणारा वाचतो. ‘मला हे काय आहे ते कळत नाही, तर एन बरे’ असे म्हणणारा मात्र काल असलेले संरक्षण आज स्वतःच्या हाताने काढून टाकतो, आणि आपण नवे काहीतरी नाकारले अशा समजुतीत राहतो.

म्हणजे पहिल्या ठिकाणी एंटर चुकते आणि ‘एन’ बरोबर येते, दुसऱ्या ठिकाणी नेमके उलटे होते. यावरून सरसकट नियम बांधता येत नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. माझी स्वतःची पद्धत अशी की एंटर दाबत जायचे, परंतु नंतर स्क्रिप्ट्स डिरेक्टरीतील ‘डिफकॉन्फिग’ हा प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या फाइलवर चालवायचा. तो गळालेल्या ओळींपुढे उणे आणि नव्या ओळींपुढे अधिक चिन्ह टाकून देतो. उणे चिन्हाच्या ओळी मी एकही न वगळता वाचतो. त्यात काय गेले आणि त्याच्या जागी काय आले हे जुळवायला कपभर चहाइतका वेळ लागतो. अधिक चिन्हाच्या ओळींत नव्या ड्रायव्हरांचीच गर्दी असते, त्यांवरून नजर फिरवली तरी पुरते.

‘शंका असल्यास’ या सल्ल्याविषयी एवढेच सांगतो की तो लिहिणाऱ्याने त्या त्या पर्यायापुरताच विचार केलेला असतो. ड्रायव्हरच्या मदतीत ‘एन म्हणा’ असेल तर अर्थ असा की हे यंत्र तुमच्याकडे नसावे. तो सुरक्षेचा सल्ला म्हणून वाचायचा नसतो.

कोकणसर्व्हर

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. एक उदाहरण माझ्याकडून जोडतो, कारण ते मला फार बोलके वाटते. ‘कॉम्पॅट बीआरके’ नावाचा पर्याय हीपची (प्रोग्रॅमला चालू असताना मिळणाऱ्या मेमरीची) यादृच्छिक मांडणी बंद करतो, म्हणजे हल्लेखोराला हीपचा पत्ता ताडणे सोपे करतो, आणि त्याचे डीफॉल्ट ‘वाय’ आहे. कशासाठी? तर लिबसी५ या जुन्या लायब्ररीच्या काळातले प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून. त्याच्याच मदतीत लिहिले आहे की २००० सालानंतरच्या वितरणांवर ‘एन’ म्हणणे सहसा निर्धोक आहे. ‘डीफॉल्ट एमएमॅप मिन ॲड्रेस’चेही तेच: डीफॉल्ट ४०९६, आणि मदत म्हणते की एक्स८६ वर बहुतेकांना ६५५३६ ठेवायला हरकत नाही. शून्य पत्त्यावर पान मांडून कर्नलला तिथे उडी मारायला लावण्याचे हल्ले २००९ मध्ये गाजले होते, त्यांच्याविरुद्धची ही मर्यादा आहे. वितरणाची कॉन्फिग फाइल पाया म्हणून घ्यायची ती याचसाठी. अशा शेकडो ठिकाणी कोणीतरी आधीच डोके चालवून निर्णय घेतलेला असतो आणि तो आपल्याला आयता मिळतो.

आता एका मोहापासून सावध करतो. वितरणाची कॉन्फिग घेतली की हजारो मॉड्यूल कंपाइल होतात आणि जुन्या यंत्रावर तासन्‌तास जातात. मग कोणीतरी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ सुचवतो. ही आज्ञा त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूल पाहून बाकीची सगळी कॉन्फिगमधून काढून टाकते. कर्नल दहा-पंधरा मिनिटांत तयार होतो आणि माणूस खूश होतो. मीही झालो होतो. एका शाळेच्या संगणक कक्षात मी असा छाटलेला कर्नल बसवला. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी बाहेरच्या परीक्षकांनी पेन ड्राइव्ह लावला आणि तो माउंट होईना. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ओळ होती की कोडपेज सीपी४३७ सापडत नाही. पेन ड्राइव्हच्या फाइल सिस्टिमचे व्हीफॅट मॉड्यूल होते. पण कॉन्फिगमध्ये त्याच्यासोबत लागणारे भाषा-सारणीचे मॉड्यूल छाटले गेले होते, आणि ते का गळाले याचा शोध घेण्याइतका वेळ नव्हता. परीक्षक घड्याळाकडे पाहत असताना मी जुन्या कर्नलवर यंत्रे एकेक करून रीबूट करत होतो. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

म्हणून लोकलमॉडकॉन्फिग वापरायचेच असेल तर आधी प्रिंटर, प्रोजेक्टर, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, व्हीपीएन असे जे जे वर्षभरात लागते ते एकदा लावून पाहावे, आणि मगच ती आज्ञा द्यावी. तीस यंत्रे असतील तर प्रत्येकावरचे ‘एलएसमॉड’चे (लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या आज्ञेचे) उत्तर गोळा करून, एका फाइलमध्ये जोडून, ती फाइल ‘एलएसमॉड’ या चलातून आज्ञेला देता येते. आणि नवा कर्नल ग्रबमध्ये कायमचा डीफॉल्ट करण्याआधी ‘ग्रब-रीबूट’ने त्याला फक्त एकदाच संधी द्यावी. कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ घातले तर पॅनिक झाल्यास, म्हणजे कर्नल कोलमडल्यास, दहा सेकंदांनी यंत्र आपोआप रीबूट होते आणि जुन्या कर्नलवर परत येते. तिसऱ्या मजल्यावर प्रत्येक वेळी चढून जावे लागत नाही.

उबुंटूची कॉन्फिग घेणाऱ्या वाचकांसाठी एक टीप: ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग लिहिलेला असतो, ती फाइल मूळ कोडमध्ये नसते आणि बिल्ड तिथे अडते. ती किंमत रिकामी करावी, तसेच रद्द केलेल्या किल्ल्यांच्या पर्यायाचीही. एवढ्यासाठी मॉड्यूलची सही तपासण्याचा पर्यायच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याची काहीएक गरज नसते.

नेटका_नियम

सुरक्षेच्या बाजूने थोडे विस्ताराने लिहितो, कारण धागाकर्तीचा खरा प्रश्न दीडशे उत्साही विद्यार्थ्यांचा आहे.

कॉन्फिगमधले सुरक्षाविषयक पर्याय एका जातीचे नसतात, हे आधी ओळखावे लागते. काही पर्याय कंपाइल होतानाच पक्के होतात. उदाहरणार्थ ‘स्टॅकप्रोटेक्टर स्ट्राँग’ घेतला की कंपायलर तशी तपासणी प्रत्यक्ष कोडमध्ये पेरतो, आणि नंतर ती कोणाला काढता येत नाही. दुसऱ्या प्रकारचे पर्याय केवळ सुरुवातीचे मूल्य ठरवतात. ‘इनिट ऑन अलॉक डीफॉल्ट ऑन’ या नावातच ते आलेले आहे: मेमरी देताना ती शून्याने भरावी की नाही याचे हे डीफॉल्ट आहे, पण बूटच्या वेळी कर्नलच्या ओळीत ‘इनिट_ऑन_अलॉक=०’ लिहिणारा ते उलटवू शकतो. तिसऱ्या प्रकारचे पर्याय चालू यंत्रावर सिस्कंट्रोल या आज्ञेने बदलता येतात. साध्या वापरकर्त्याला कर्नलचे संदेश न दाखवणारा ‘डीमेसेज रिस्ट्रिक्ट’ हा तसा आहे. साध्या वापरकर्त्याला बीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) वापरू न देण्याचा पर्याय आणखी मजेशीर आहे. कॉन्फिगमधून तो चालू केला तर मूल्य २ होते आणि प्रशासक ते मागे घेऊ शकतो. सिस्कंट्रोलने १ केले तर रीबूट होईपर्यंत रूटलाही ते मागे घेता येत नाही. ५.१६ पासून या पर्यायाचे डीफॉल्ट ‘वाय’ आहे, म्हणजे कर्नलवाल्यांनीही काही वेळा सोयीपेक्षा सुरक्षेला वरचे स्थान दिले आहे.

या भेदाचा तुमच्या प्रयोगशाळेशी थेट संबंध आहे. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबून कोणीही कर्नलची ओळ बदलू शकत असेल, तर तिथे ‘मिटिगेशन्स=ऑफ’ लिहिणे हे पाच सेकंदांचे काम आहे. इतकेच कशाला, ‘इनिट’च्या जागी शेलचा मार्ग लिहिला की पासवर्डावाचून रूट मिळते. तेव्हा कॉन्फिगमध्ये रात्र घालवण्याआधी ग्रबला पासवर्ड लावावा आणि यूईएफआयमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पेन ड्राइव्हवरून बूट करणे बंद करावे.

पर्याय निवडण्यासाठी ६.७ पासून कर्नलमध्येच एक तयार तुकडा आला आहे. आपली कॉन्फिग तयार झाल्यावर ‘मेक हार्डनिंग.कॉन्फिग’ म्हटले की तो तिच्यात मिसळला जातो. कीस कुक यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रकल्पाच्या कामातून तो आला आहे. ज्यांचा वेगावर परिणाम नगण्य आहे आणि ज्यांच्यामुळे जुन्या सोयी बेतानेच बंद होतात, असे पर्याय त्यात गोळा केलेले आहेत. माझ्या मते तुमच्यासारख्या ठिकाणी वितरणाची कॉन्फिग अधिक हा तुकडा, एवढे पुरे आहे.

याच्या पुढे जायचे असेल तर प्रत्येक पर्यायाची किंमत पाहावी. मेमरी देताना शून्याने भरण्याची किंमत बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी असल्याचे मदतीतच लिहिले आहे, कृत्रिम चाचण्यांत मात्र ती ७ टक्क्यांपर्यंत गेलेली आहे. मेमरी परत घेताना शून्याने भरण्याची किंमत सहसा ३ ते ५ टक्के. पहिला पर्याय मी डोळे मिटून घेतो. दुसरा फक्त तिथे घेतो जिथे मेमरीत रेंगाळलेल्या माहितीची खरोखर चिंता आहे. ‘पॅनिक ऑन ऊप्स’ कर्नलमध्ये बिघाड होताच यंत्र थांबवतो. हल्लेखोराला पुन्हापुन्हा प्रयत्न करण्याची संधी त्यामुळे मिळत नाही, परंतु एखाद्या सदोष ड्रायव्हरमुळे विद्यार्थ्याचे न जतन केलेले काम जाऊ शकते. प्रयोगशाळेत मी तो घेणार नाही, इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या सर्व्हरवर घेईन.

अलेक्झांडर पोपोव यांचे ‘कर्नल-हार्डनिंग-चेकर’ हे साधन तुमची कॉन्फिग फाइल वाचून कोणता पर्याय शिफारशीप्रमाणे आहे आणि कोणता नाही याचा तक्ता देते. तो तक्ता वाचावा जरूर, पण प्रत्येक ओळ हिरवी करण्याचा हट्ट धरू नये. वेगावर आणि प्रोग्रॅमवर परिणाम होऊ शकतो, आपल्याला धोका कोणापासून आहे ते पाहून निवड करावी, असे त्याचा कर्ताही सांगतो.

केंड

मी बहुतेक वेळ ओपनबीएसडी या वेगळ्या प्रणालीवर असतो, तेव्हा माझे मत थोडे एकांगी वाटेल. आमच्याकडे जनरिक (तयार मिळणाऱ्या) कर्नलला हात लावू नये असाच सल्ला दिला जातो, आणि स्वतः घडवलेल्या कर्नलवरील तक्रार घेऊन गेलात तर आधी ती जनरिकवर दाखवा असे सांगतात. २०१८ मध्ये ६.४ या आवृत्तीत त्यांनी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर दोन धागे चालवण्याची सोय डीफॉल्टने बंद करून टाकली. वेग कमी होईल, ज्याला हवी त्याने सिस्कंट्रोलने चालू करावी, असा रोखठोक हिशेब. लिनक्समध्ये इतका कठोर निर्णय सगळ्यांवर लादता येत नाही, कारण तोच कर्नल फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे जातो, आणि म्हणून डीफॉल्टची जबाबदारी वितरणावर किंवा तुमच्यावर येऊन पडते.

पण ताई, एक साधा प्रश्न: मुळात कंपाइल करायची गरज आहे का? डेबियन १२ च्या बॅकपोर्ट्समध्ये (जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या नव्या पॅकेजांच्या संग्रहात) ६.१२ तयार मिळतो. डेबियन १३ तर त्याच शाखेवर आहे. स्वतः कंपाइल केलेल्या कर्नलची खरी जोखीम कॉन्फिगमध्ये कमी आणि पुढच्या महिन्यात जास्त असते. दीर्घकालीन शाखेत दुरुस्त्यांच्या आवृत्त्या वरचेवर येत राहतात. वितरणाचा कर्नल एका आज्ञेत अद्ययावत होतो, तुमचा मात्र तुम्ही पुन्हा कंपाइल कराल तेव्हाच. परीक्षांच्या धामधुमीत ते होणार आहे का, हे तुम्हीच ठरवा.

तिसरा_मजला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केंड यांच्या प्रश्नाने मी थोडी ओशाळले, कारण बॅकपोर्ट्सचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आठही यंत्रांवर काल बॅकपोर्ट्समधला ६.१२ बसवला आणि नेटवर्क चिप लगेच चालू झाली. डिस्क एनव्हीएमईच निघाली.

तरीही माझी कॉन्फिग मी टाकून दिलेली नाही. डिफकॉन्फिग चालवून पाहिले, तेव्हा जुनी_डिस्क यांनी सांगितलेली दोन्ही उदाहरणे तंतोतंत सापडली. पेज टेबल आयसोलेशनचे जुने नाव उणे चिन्हात होते, नवे नाव अधिक चिन्हात ‘वाय’सह. टीआयओसीएसटीआयही ‘वाय’ होते, अर्थात माझ्याच एंटरमुळे.

हार्डनिंगचा तुकडा मिसळून एका यंत्रावर चाचणी घेतली, तेव्हा एक अडचण पुढे आली. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी छोटे कर्नल मॉड्यूल लिहितात, ते ‘इन्समॉड’ने लोड करतात आणि डीमेसेजमध्ये आपली ओळ छापून आली की नाही ते पाहतात. मी हौसेने डीमेसेज रिस्ट्रिक्ट आणि सही नसलेले मॉड्यूल नाकारण्याची सक्ती हे दोन्ही चालू केले होते. परिणामी मॉड्यूल लोडच होईना, आणि का होत नाही हे सांगणारा संदेशही विद्यार्थ्याला दिसेना. हे दोन पर्याय शिथिल करणे योग्य ठरेल का?

नेटका_नियम

थांबा. विद्यार्थी इन्समॉड चालवतात याचा अर्थ त्यांना त्या यंत्रांवर सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा देण्याची मुभा) दिलेला आहे. तसे असेल तर वरच्या माझ्या लांबलचक प्रतिसादातला बराचसा भाग व्यर्थ आहे, कारण ज्याला हवे ते मॉड्यूल लोड करता येते तो कर्नलच्या आत बसलेला आहे आणि त्याच्यापुढे कॉन्फिगमधला कोणताही पर्याय टिकणार नाही. पर्याय शिथिल करू नका, सुडो काढून घ्या. मॉड्यूलचे प्रात्यक्षिक क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात घ्या आणि त्या यंत्रासाठी वेगळा कर्नल ठेवा.

त्या कर्नलच्या बाबतीत सुरक्षिततेचा अर्थच पालटतो. तिथे राखण्यासारखे काही नसते. चूक लपून न राहणे हेच महत्त्वाचे असते. म्हणून प्रयोगशाळेच्या यंत्रावर जे पर्याय मी कधीच घेणार नाही ते तिथे मुद्दाम घ्यावेत. केसॅन (मेमरीच्या वापरातील चुका पकडणारे कर्नलचे साधन) चालू करावे, डीबग माहिती ठेवावी, मॉड्यूलच्या सहीची सक्ती नको, आणि इशारा आला की यंत्र थांबवणारे ‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ कर्नलच्या ओळीत लिहावे. या कामासाठी पाया म्हणून तुमचे नाकारलेले डेफकॉन्फिग उत्तम आहे. ‘मेक डेफकॉन्फिग’ आणि पाठोपाठ ‘मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग’ एवढ्या दोन आज्ञा पुरतात. दुसऱ्या आज्ञेने आभासी डिस्क आणि नेटवर्कचे ड्रायव्हर कर्नलमध्येच बसतात, त्यामुळे इनिटरॅमएफएसचीही गरज उरत नाही. शेवटी ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ करून मिळणारी छोटी फाइल गिटमध्ये ठेवा. तिच्यात फक्त डीफॉल्टपासून वेगळे असलेले पर्याय राहतात, म्हणून पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्यालाही तुम्ही काय बदलले ते एका पानात वाचता येईल.

तिसरा_मजला

सुडो काढून घेतला. त्यावर दोन वर्गांनी नाराजी कळवली आहे, पण विभागप्रमुख माझ्या बाजूने आहेत.

आभासी यंत्राचा कर्नल सांगितल्याप्रमाणे तयार केला आणि तो पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. आज एका विद्यार्थ्याच्या मॉड्यूलमध्ये ‘केफ्री’ केल्यानंतर, म्हणजे मेमरी परत दिल्यानंतर, त्याच पॉइंटरवर लिहिणारी एक ओळ होती. आधीच्या कर्नलवर ते मॉड्यूल महिनाभर काहीही तक्रार न करता चालत होते. नव्या कर्नलवर केसॅनने लागलीच ‘स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री’ असे छापून त्याखाली त्याच्या फंक्शनचे नाव दाखवले. इतके उपयोगी असेल तर हे सगळ्या यंत्रांवर कायम चालू का ठेवत नाही, असे त्याने विचारले. मी त्याला केसॅन असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही आभासी यंत्रांवर ‘फ्री’ ही आज्ञा चालवायला सांगितली. दोघांनाही सारखीच २ जीबी मेमरी दिलेली होती, आणि केसॅनच्या यंत्रात एकूण मेमरीच जवळपास २५६ एमबीने कमी दिसत होती, कारण मेमरीचा आठवा हिस्सा केसॅन स्वतःच्या नोंदींसाठी बाजूला काढून ठेवते. प्रयोगशाळेतल्या बावीस जुन्या यंत्रांत मुळात ४ जीबीच मेमरी आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.